लोणारच्या पुढचा मुक्काम

नाना, दहाव्याला घाटावर माझ्या हातात माइक आला. आपल्याकडे तशी पद्धतच आहे. कावळा शिवेपर्यंत आजी-माजी नगरसेवक, भजनी मंडळाचे अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन एकेक करून बोलून घेतात. तुमचे थोरले भाऊ म्हणाले, "कंपनीच्या वतीनं साहेब, तुमी बोला. तुमी शिकलेले हाय." मी चार-पाच मिनिटं बोललो. टूल रूममध्ये तुमच्या हाताखाली काय शिकलो ते सांगितलं, आपल्या सायकल सफरीचं सांगितलं. चुलीचं आणि मटकीचं सांगितलं तेव्हा दोन-चार माणसं हसलीही. त्या बोलण्यात एक वाक्य खोटं होतं. "माझा गुडघा दुखावला म्हणून आम्हाला लोणारहून परत फिरावं लागलं," असं मी म्हणालो.

हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते खरं मानलंत आणि खरं मानूनच गेलात. तुमचा जन्म, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण आहे, हे सगळं घाटावरच्या फ्लेक्सवर होतं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला त्या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे.

त्यासाठी कॅन्टीनपासून सुरुवात करावी लागेल. चाकणच्या कंपनीत मी ट्रेनी इंजिनियर म्हणून लागलो त्याचा तो पहिला आठवडा. दुपारच्या जेवणात खिचडी होती. आमच्या बॅचमधला एक जण ताटाकडे बघून म्हणाला, "अरे, ही तर झेडपीच्या शाळेतली खिचडी! आता हात धुऊन रांगेत बसायचं का?" सगळे हसले, मीही हसलो. तुम्ही समोरच्या बाकावर जेवत होतात. त्याच सकाळी तुम्ही मला तुमच्या टेबलावर कामाला घेतलं होतं. सहज विचारलंत, "काय इंजिनियरसाहेब, घरी कोण कोण हाय? आई काय करते?"

मी म्हणालो, "शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत."

आई जिल्हा परिषदेच्याच शाळेत होती. ती तिथे मुलांची खिचडी शिजवायची. अजूनही शिजवते. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होतो, आणि त्यानंतर आमचं घर त्या पातेल्यावरच चाललं. मी त्याच शाळेत होतो. मधल्या सुट्टीत ताटली घेऊन रांगेत उभा राहिलो की मागची पोरं म्हणायची, "ह्याला तळाची वाढा, ह्याच्या घरचंच हाय." पुढे तालुक्याचं ज्युनिअर कॉलेज झालं, नांदेडला इंजिनियरिंग झालं, घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावात माझा सत्कारही झाला. पण त्या दिवशी कॅन्टीनमध्ये ती रांग पुन्हा माझ्या मागे उभी आहे असं वाटलं, आणि तोंडातून खोटं निघून गेलं.

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "मास्तरीणबाईंचा मुलगा हाय व्हय? मग बरोबर हाय," असं म्हणालात. काय बरोबर आहे ते तुम्ही सांगितलं नाहीत. त्या दिवसापासून माझ्यासमोर तुमच्या तोंडून शिवी आली नाही, आणि टूल रूममध्ये शिवीशिवाय बोलणारे तुम्ही एकटेच झालात. दिवाळीला मी गावी निघालो की तुमचा निरोप ठरलेला असायचा. "मास्तरीणबाईंना नमस्कार सांग." मी "सांगतो" म्हणायचो. आईला सांगताना मी फक्त "नानांनी नमस्कार सांगितलाय" एवढंच सांगायचो. ती हात जोडून वर बघायची, जणू तुम्ही वरच्या मजल्यावर राहता.

तुम्ही माझ्यासाठी काय केलंत त्याची यादी केली तर तुम्हीच वैतागाल. दिघीत खोली तुमच्या शब्दावर मिळाली. ड्रिलला धार लावायला कॉलेजात कुणी शिकवत नाही, ती तुम्ही शिकवलीत. मी पहिल्यांदा डायचं माप चुकवलं तेव्हा साहेबासमोर "मीच बघायला पायजे हुतं" म्हणून मोकळे झालात. आणि सायकल. जनरल शिफ्ट असली की तुम्ही बस सोडून सायकलने कंपनीत यायचात. मोशीच्या पुढे कंटेनरच्या रांगेला खेटून, तोंडाला पंचा बांधून. तुमची जुनी सायकल मला दिलीत आणि म्हणालात, "बसमधी झोपून इंजिनियर फुगतो." वर्षभरात मी तुमच्या मागे न दमता चाकणला पोहोचायला लागलो.

एक गोष्ट तुम्हाला कधी समजली नाही. मला स्वयंपाक येत होता. खानावळीच्या डब्यात अळी निघाली तेव्हा तुम्ही म्हणालात, "खोलीवर भात तरी लावत जा." मी म्हणालो, मला येत नाही. मुलगा चांगली खिचडी करतो म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला असता, कुठे शिकलास.

सफरीची कल्पना तुमचीच. रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं, साठलेली रजा होती. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही रस्ता काढलात. चाकण, नारायणगाव, संगमनेर, वैजापूर, वेरूळ, अजिंठा, तिथून खाली बुलढाणा, मेहकर, लोणार. आणि लोणारच्या पुढे एका दिवसाच्या अंतरावर जिंतूर. माझं गाव. तिथे तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या.

"हितं एक दिवस थांबायचं," तुम्ही म्हणालात. "मास्तरीणबाईंच्या हातचं जेवायचं. मग बीड-नगरवरनं घरला."

मी "बरं" म्हणालो. बारा दिवस हातात आहेत, वाटेत कुठेतरी सांगून टाकू, असं मी ठरवलं होतं.

वाटेत सांगायला जागा भरपूर होती. दिवसभर आपण एकामागे एक असायचो, बोलणं व्हायचं ते संध्याकाळी चुलीपाशी. तुमची ती तीन पत्र्यांची चूल, साहेबांना विचारून भंगारातल्या तुकड्यांची केलेली. खाचेत खाच बसली की उभी, सुटी केली की वहीसारखी सपाट. दोन लिटरचा कुकर तुमच्या कॅरियरला, तेल खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. सकाळी चहा आणि रात्रीचं उरलेलं, दुपारी सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून, आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत एक भांडं शिजवायचं. मटकी तुम्ही सकाळी बाटलीत भिजत टाकायचात, संध्याकाळी ओल्या फडक्यात बांधायचात आणि दुसऱ्या दिवशी ती पुरचुंडी सीटच्या मागे लटकत यायची. वाटेत हापसा दिसला की आधी मटकीला पाणी, मग आपल्याला. "तिला मोड आणायचेत, आपल्याला कुठं आणायचेत," असं तुमचं म्हणणं.

मुक्काम कुणाच्या तरी अंगणात. दारात जाऊन तुम्ही सांगायचात, "आमच्याकडं शिधा हाय, चूल हाय. फकस्त जागा द्या आन् पाणी द्या." आणि शिजलं की पहिलं ताट त्या घरात जायचं. पहिल्या दिवशी मला फार अवघडल्यासारखं झालं. बंगला बांधलेल्या माणसाला आपली डाळ-तांदळाची खिचडी काय म्हणून द्यायची?

"नाना, त्यांना ते बरं वाटणार नाही."

"चूल त्यांच्या अंगणात, धूर त्यांच्या घरात. मग पहिलं ताट कुणाचं?"

"ते आपल्याला भिकारी समजतील."

"भिकारी ताट घिऊन येतो व्हय? उचल, गार होतंय."

ते ताट मी नेऊन द्यायचो आणि मान वर न करता परत यायचो. ताट रिकामं कधी परत आलं नाही. लोणचं आलं, शिळी भाकरी आली, सिल्लोडच्या अलीकडे एका आजींनी ताटावर झाकून चार जिलब्या दिल्या.

वैजापूरच्या पुढे उलट वारा लागला. तुमच्या अंगात कणकण होती. एका शेतातल्या गोठ्याजवळ तुम्ही पोत्यावर आडवे झालात आणि म्हणालात, "आज तू कर. कसंबी कर." मी केलं. हाताला सवय लागलेली होती, ती विचारून थोडीच थांबते? डाळ-तांदूळ एकत्र धुतले, आधी फोडणीत परतले, पाणी हाताने मोजून घातलं. कुकर लहान पडला तेव्हा लक्षात आलं की मी फार टाकलंय. दोघांचं आणि त्या शेतकऱ्याचं होऊनही भांडं अर्धं भरलेलं होतं.

तुम्ही दोन घास खाल्लेत आणि उठून बसलात. "आरं वा, साहेब! म्हणं मला येत न्हाई."

"जमलं आज कसंतरी."

"कसंतरी? ह्ये कसंतरीचं काम न्हाई. आन् एवढं? घरी पंगत उठत व्हती का रं?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. गोठ्यात आपण दोघंच होतो, तुम्ही खुश होतात. मी म्हणालो, "आई शाळेत असायची, म्हणून मी करायचो." यातला अर्धा भाग खरा होता. तुम्ही मान हलवलीत. "मास्तरीणबाईंनी वळण लावलंय पोराला."

त्यानंतर एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. मिठावरून भांडणही सुरू झालं. तुम्ही मटकीत मीठ आधी घालायचात, मुरतं म्हणून. मी म्हणायचो शेवटी घालायचं, नाहीतर दाणा टणक राहतो. अजिंठ्याच्या घाटात सायकली हातात धरून चढताना आपण तासभर मिठावर भांडलो. शेवटी तुम्ही म्हणालात, "जिंतूरला मास्तरीणबाईंना विचारू. त्या म्हणतील ते फायनल." मी गप्प झालो. तुम्हाला वाटलं तुम्ही जिंकलात.

लोणारला आपण एका मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरलो. विवराच्या काठावर जाऊन पाणी बघून आलो. परत आल्यावर तुम्ही दोन्ही सायकली हापशावर नेऊन चिंधीने घासून पुसल्यात. चेनला तेल दिलंत. मी म्हणालो, उद्या परत धुळीतूनच जायचंय. तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाईंच्या दारात अशी चिखलाची सायकल लावू व्हय?" मग विचारत राहिलात. कितवीला शिकवतात? मी म्हणालो, चौथीला. वाकून नमस्कार केला तर चालंल का, वयानं माझ्यापेक्षा लहान असतील न्हवं? मी म्हणालो, नको. कडक आहेत का? मी म्हणालो, नाही हो नाना.

आईचा फोन तेवढ्यात आला. म्हणाली, "उद्याची सुट्टी घेतली मी बाईंकडून. त्यांना काय आवडतं ते सांग."

सकाळी मी उठून बसलो आणि गुडघा धरला.

तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. चूल मांडलीत, कुकरच्या झाकणात खडेमीठ भाजलंत, रुमालात बांधलंत आणि माझा गुडघा शेकत बसलात. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. गरम पुरचुंडी लागत होती तेव्हा मी "आई गं" म्हणालो, ते चटका बसला म्हणून. तुम्ही म्हणालात, जिंतूरला यष्टीनं जाऊ, दोन-अडीच तासाचं तर हाय. मी म्हणालो, मला असं लंगडताना बघून आई घाबरेल. तुम्ही थोडा वेळ झाकणातल्या मिठाकडे बघत राहिलात, मग म्हणालात, "बरं. घरी जाऊ." टेम्पोने मेहकरला येऊन ट्रॅव्हल्सच्या डिकीत सायकली टाकल्या. आईला मी फोनवर सांगितलं की नानांचा गुडघा दुखतोय. तिने तुम्हाला एरंडाचं तेल लावायला सांगितलं होतं. ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

कंपनीत महिनाभर माझी थट्टा चालली. "साहेबाच्या गुडघ्याला ग्रीस मारा," "सर्व्हिसिंग ड्यू हाय." तुम्ही कुणाला हसू दिलं नाहीत. गेल्या महिन्यात तुमच्या दारात भेटलो तेव्हाही तुमचा पहिला प्रश्न तोच होता. "गुडघा काय म्हणतोय?" मी म्हणालो, बरा आहे. "मग थंडीत ऱ्हायलेलं पुरं करू," तुम्ही म्हणालात. "लोणारपातूर बसनं जाऊ, तिथनं फुडं सायकल." मी मनात म्हणालो होतो, या वेळेला आधी सांगून टाकायचं. थंडी अजून पडायची आहे, नाना.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी काकींनी मला तुमच्या घरी बोलावून घेतलं. एक दोनशे पानी वही हातात दिली. म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासनं ह्येच करत हुते. मास्तरीणबाईंकडनं तपासून आणायचीय म्हणायचे. तू गावी गेलास की घिऊन जा."

मला या वहीबद्दल माहीत नव्हतं. खोलीवर येऊन उघडली. सफरीत आपण जे जे शिजवलं ते सगळं तुम्ही टूल रूमच्या पद्धतीने लिहून काढलं होतं. प्रत्येक पदार्थाला एक पान, क्रमांक टाकून पायऱ्या. "मटकी सकाळी भिजवने. फडक्यात बांधने. सीटमागे लटकवने. पंधरा किलोमीटरला एकदा पानी मारने." खिचडीला: "पानी दोन बोटं, अधिक-उणे अर्धं बोट." प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात ड्रॉइंगला असतो तसा चौकोन आखलेला. त्यात दोन ओळी. 'बनवणार', पुढे तुमची सही. 'तपासणार', पुढे सहीची जागा कोरी, आणि खाली कंसात 'मास्तरीणबाई, जिंतूर'. एकवीस पानं, एकवीस कोऱ्या जागा.

शनिवारी मी जिंतूरला गेलो. आई ओट्यावर गवार मोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सांगितलं, की कंपनीत आणि नानांना मी तू शिक्षिका आहेस असं सांगितलेलं आहे.

ती गवार मोडतच राहिली. "कवापासून?"

"लागलो तेव्हापासून. सात वर्षं."

"मग मी काय शिकवायले तिथं? गणित?"

"चौथीला सगळेच विषय असतात."

"लई अवघड काम दिलंस." ती स्वतः चौथीपर्यंतच शिकली आहे. जरा वेळाने म्हणाली, "कामून सांगितलंस असं?"

मी कॅन्टीनमधलं सांगितलं. ती म्हणाली, "पोरं हसली म्हणून?" मी हो म्हणालो. तिने पाटी उचलली, आत गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते की तोंड धुतलं होतं, मला कळलं नाही. म्हणाली, "त्या माणसाचा गुडघा दुखला होता का खरंच?"

"नाही."

"तुझा?"

"नाही."

"मी दोघांचं करून ठेवलं होतं. सुट्टी घेतलेली. दुसऱ्या दिवशी डबा शाळेत नेऊन पोरांना वाढला." मग वहीकडे बोट केलं. "ते काय आणलंस?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "तपासायला पाठवलंय ना? मग वाच."

दोन तास मी वाचत होतो, नाना. आईने तुमची एकवीस पानं तपासली. पिठल्याला "बरोबर हाय" म्हणाली. थालीपिठाला "भोक पाडायचं लिहिलं नाही, लिही" म्हणाली. मटकीच्या मिठाला तिने नकार दिला. "आधी नको. पण ते सायकलवर दमलेले, एवढं कुठं ध्यानात राहतंय," असंही म्हणाली, म्हणजे तुमची बाजूही घेतली. शेवटच्या पानावर पदार्थ नव्हता. तुम्ही लिहिलं होतं, "सूचना. हा पोरगा शिजल्यावर आधी आपन एक घास खातो आनि जरा वेळ थांबतो. मग वाढतो. मी विचारलं, ईष टाकलंय का. तर म्हनला शाळेत नियम असतो, पोरांच्या आधी मोठ्या मानसानं चव घेऊन थांबायचं. मास्तरीणबाईंनी लावलेली सवय. सर्वांनी पाळावी."

 रोज सकाळी मुलांच्या आधी पहिला घास आई खाते. मी लहानपणी तिच्या शेजारी बसून तिच्याकडे बघायचो, तिला काही होत नाही ना म्हणून.

"पेन दे," ती म्हणाली. आई आता सहीपुरतंच लिहिते, वाचणं सुटलंय. एकवीस चौकोनांत तिने सावकाश एकवीस सह्या केल्या. मग विचारलं, "सहीच्या खाली काय लिहिलंय त्यांनी?"

"मास्तरीणबाई."

"ते खोड. सही माझी आणि काम दुसरीचं, असं कसं चालंल?"

"आई, त्यांचं अक्षर आहे ते."

"तपासायलाच दिलंय ना त्यांनी?"

मी खोडलं. एकवीस ठिकाणी एक-एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, स्वयंपाकी, शालेय पोषण आहार. आई म्हणाली, "आता मला घेऊन चल. वही मी देते."

काल आम्ही दिघीला आलो. काकी दारातच होत्या. "या मास्तरीणबाई," म्हणून त्यांनी पदर डोक्यावर घेतला. मी चप्पलही काढली नव्हती. म्हणालो, "काकी, आई शिक्षिका नाही. मी खोटं बोललो होतो. आणि लोणारला माझा गुडघाही दुखत नव्हता."

काकींनी माझ्याकडे बघितलंच नाही. आईला विचारलं, "मग काय करता तुमी?"

"शाळेतल्या लेकरांची खिचडी."

"किती लेकरं?"

"एकशे चाळीस."

"आगं बया," काकी म्हणाल्या. आईचा हात धरून त्यांनी तिला आत नेलं, तुमच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आमचं माणूस तुमाला लई भ्यायचं."

"मला?"

"मास्तरीणबाईला. सातवीत शाळा सुटली त्यांची. जायच्या आधी नवा शर्ट शिवला, बारा दिवस पिशवीत इस्त्रीचा ठेवला. मला म्हणायचे, त्यांनी काय इचारलं आन् मला बोलाया आलं न्हाई तर? ह्याचा गुडघा दुखला म्हणून माघारी आले, तर हितं बसून म्हणले, दुखला ते बरंच झालं. लाजले बी म्हणताना. पोराच्या दुखण्यावर बरं म्हणू नये म्हणले." मग त्या माझ्याकडे वळल्या. रागावलेल्या नव्हत्या, पण आवाज चढला होता. "आरं, खिचडीवाल्या बाईकडं जेवायला जायचंय म्हणला असतास, तर तुझा गुडघा खरंच मोडला असता तरी तुला पाठीवर घालून गेले असते ते."

आई वहीची पानं उलटून काकींना सह्या दाखवत होती. मी दारापाशी उभा राहिलो, नंतर बसलो.

मी सफरभर तुमच्यापासून लपत होतो असं मला वाटत होतं, नाना. तुमच्या पिशवीत इस्त्रीचा शर्ट आहे हे मला माहीत नव्हतं. त्या सकाळी लोणारला आपण दोघंही एकाच बाईला घाबरून माघारी फिरलो, आणि तशी बाई जिंतुरात कधी नव्हतीच.